मनस्तापापोटी रु. ५०,००० : मनाला झालेली इजा कोर्टात मोजतात कशी?

नुकसानभरपाईचा कुठलाही दावा उघडा. शेवटच्या पानावर मागण्यांची यादी असते. औषधपाण्याचे इतके, बुडालेल्या मजुरीचे इतके, गाडीभाड्याचे इतके. आणि मग एक ठरलेली ओळ : 'शारीरिक व मानसिक त्रासापोटी रु. ५०,०००.' हा आकडा कुठून आला असं टायपिस्टला विचारलंत तर तो खरं ते सांगेल, मागच्या दाव्यातून. मी सोलापूरच्या कोर्टात क्लेम केसेस चालवतो आणि ही ओळ मीही कित्येकदा तशीच उतरवली आहे. बहुतेक वेळा ती चालून जाते. कोर्ट त्यातून काहीतरी ठोक रक्कम देतं, पक्षकार खूश, फाइल बंद.

पंचाईत होते ती मनाची इजा हीच खरी इजा असते तेव्हा.

एक उदाहरण घेऊ. बाई कल्पनेतली आहे, पण तिच्यात माझ्याकडे येऊन गेलेल्या बऱ्याच जणी आहेत. वय ४२. राहायला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, घरात तेलुगू, बाहेर मराठी. विड्या वळते. अक्कलकोट रोडवर नणंदेबरोबर शेअर रिक्षातून येताना मागून ट्रकने उडवलं. नणंद जागेवर गेली, हिच्या मांडीवर. हिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, तीन महिन्यांत हाड जुळलं, हाडांच्या डॉक्टरांनी ४ टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. कागदावर बाई ठणठणीत.

"साहेब, हात बरा झालाय की हिचा," नवरा सांगतो. "पण घरात असून नसल्यासारखीच आहे बघा."

"काय होतं, अक्का?"

"छातीत धडधडतंय. डोकं बधिर होतंय. हॉर्न वाजला की हात थांबतोय."

हात थांबतोय. तिच्या केसचा सगळा जीव या दोन शब्दांत आहे. पण हे दोन शब्द न्यायाधीशांपुढे पुरावा म्हणून ठेवायचे तर मध्ये एक माणूस लागतो. मनोविकारतज्ज्ञ, आणि तोही औषध लिहिणाऱ्याच्या नव्हे तर कोर्टाला मत सांगणाऱ्याच्या भूमिकेत. या शाखेला न्यायवैद्यक मानसोपचार म्हणतात. नाव ऐकलं की लोकांना खुनाचा आरोपी वेडा आहे की नाही ते ठरवणारा डॉक्टर आठवतो. नवऱ्याचा पुढचा प्रश्नही तोच असतो : "म्हणजे हिला वेडी ठरवणार का?" नाही. भरपाईच्या दाव्यात वेडं-शहाणं हा मुद्दाच नसतो. मुद्दा एवढाच, की या घटनेनं या माणसाचं आयुष्य किती बदललं.

मनाच्या इजेकडे कायदा सुरुवातीपासून संशयानंच बघत आला आहे. याची सुरुवात झाली रेल्वेपासून. आगगाडीच्या अपघातातून अंगावर ओरखडा न येता वाचलेली माणसं पुढे झोप येत नाही, हातपाय थरथरतात, काम होत नाही म्हणू लागली. १८६६ मध्ये एरिक्सन नावाच्या लंडनच्या सर्जननं याचं खापर पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यावर फोडलं. कंपन्यांचे डॉक्टर म्हणत, ही पैशासाठीची नाटकं. ऑस्ट्रेलियातल्या एका फाटकवाल्यानं चुकून फाटक उघडलं आणि कोल्टास नावाच्या बाईची बग्गी आगगाडीखाली येता येता वाचली. धक्का लागला नाही, पण बाई त्या भीतीनंच आजारी पडली. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, तिला भरपाई नाकारली. नुसत्या भीतीचे पैसे कसले, असा एकूण सूर. तेरा वर्षांनी इंग्लंडमध्ये वारं फिरलं. एका दारूच्या गुत्त्यात बेदरकार हाकलेली घोड्यांची गाडी घुसली, आत काम करणारी गरोदर बाई हादरली आणि वेळेआधी बाळंत झाली. १९०१ च्या या निकालात कोर्ट म्हणालं, अंगाला धक्का लागलाच पाहिजे असं नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९७० चं हिंझ विरुद्ध बेरी हे इंग्लंडमधलं प्रकरण. सुट्टीच्या दिवशी कुटुंब रस्त्याकडेला गाडी लावून थांबलेलं. नवरा चहाच्या तयारीत, बायको एका मुलाला घेऊन पलीकडे फुलं तोडायला गेलेली. तिच्या डोळ्यांदेखत एक मोटार सुसाट येऊन आदळली. नवरा गेला, मुलं जखमी झाली. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी तेव्हा जी रेघ ओढली ती आजही तज्ज्ञांच्या डोक्यात असते : दुःखाचे, शोकाचे, काळजीचे पैसे कायदा देत नाही, त्या धक्क्यातून ओळखता येईल असा मानसिक आजार जडला, तर देतो.

ही रेघ निर्दय वाटते. नणंद मांडीवर गेली म्हटल्यावर रडू येणारच, त्याला आजार कशाला म्हणायचं? पण त्यामुळेच डॉक्टरचं काम सुरू होतं. रडणं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो हे सांगणं, हेच त्याचं पहिलं काम.

आपल्याकडे कायदा या बाबतीत थोडा सैल आहे, आणि मला तो तसाच बरा वाटतो. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ग्राहकाला झालेल्या मानसिक छळाची भरपाई मान्य केली. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात रुग्णालयाच्या चुकीमुळे मेंदूला कायमची इजा झालेल्या मुलाला साडेबारा लाख आणि शिवाय आई-वडिलांना त्यांच्या यातनांचे म्हणून वेगळे पाच लाख मिळाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २२ मध्ये तर मानसिक छळ आणि भावनिक त्रासाची भरपाई स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. अपघाताच्या दाव्यात वेदना आणि धक्का हे ठरलेलं सदरच आहे. तेवढ्यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. हाड मोडलं म्हणजे दुखलं असणार, हे न्यायाधीशालाही कळतं.

तज्ज्ञ लागतो तो त्याच्या पुढे जायचं असेल तर. गणित करून बघू. बाईची कमाई महिन्याला ६,००० धरा, वर्षाला ७२,०००. पुढच्या वर्षांचं नुकसान धरायला वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात, तो गुणक. सरला वर्मा प्रकरणातल्या २००९ च्या तक्त्यात ४१ ते ४५ वयाला १४. हाडाच्या ४ टक्क्यांवर हिशेब केला तर वर्षाचं नुकसान २,८८०, गुणिले १४, म्हणजे ४०,३२०. आता हात थांबतो म्हणून तिची कमावण्याची ताकद ३० टक्के गेली हे सिद्ध झालं असं धरा. वर्षाचे २१,६००, गुणिले १४, म्हणजे ३,०२,४००. पुढची पगारवाढ वगैरे बाजूलाच ठेवली. मनस्तापाच्या ओळीत पन्नासाचे साठ हजार करून घेण्यासाठी आम्ही वकील घसा कोरडा करतो, आणि खरी रक्कम भलत्याच सदरात पडून राहते.

यामागचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या ऑक्टोबर २०१० च्या निकालात समजावलं आहे. दाखल्यावरचे टक्के म्हणजे बुडालेली कमाई नव्हे. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचं सगळंच गेलं. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेलही. तोच न्याय मनालाही लागतो. हॉर्नला दचकणारा माणूस घरात बसून हिशेब लिहित असेल तर एक, आणि रिक्षा चालवत असेल तर दुसरं.

मग तपासणीत होतं काय?

सगळ्यात आधी डॉक्टर सांगतो, की मी तुमच्यावर उपचार करायला बसलेलो नाही. तुम्ही जे सांगाल ते अहवालात जाईल, समोरचा वकीलही ते वाचेल. पेशंटला हे विचित्र वाटतं. डॉक्टरपुढे मन मोकळं करायचं असतं, ही आपली सवय. पण हे न सांगता बोलतं केलं तर ती फसवणूक होईल. मग भेट चालते दोन-तीन तास, कधी दोन-तीन बैठका. ओपीडीतल्या दहा मिनिटांशी तिची तुलनाच नाही.

सोलापुरात एक प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो : कुठल्या भाषेत? आमच्याकडे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. बाई मराठीत "बरं आहे" म्हणेल आणि तेलुगूत अर्धा तास रडेल. दुभाषा म्हणून नवरा नको, सासू तर नकोच. शिवाय आपली माणसं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात जीव घाबरा होतो, मन लागत नाही, अंगात कणकण वाटते, अन्न गोड लागत नाही. यातलं काय आजाराचं लक्षण आणि काय बोलायची रीत, हे कळायला डॉक्टर इथला नसला तरी कान इथला लागतो.

चांगला तपासनीस लक्षणं विचारत बसत नाही, दिवस विचारतो. सकाळी उठलात कधी, चहा कोणी केला, दुपारी काय केलंत. आमच्या बाईला तो विचारतो, "आज इथपर्यंत आलात कशा?" ती म्हणते, चालत. विडी घरकुलातून सिव्हिलपर्यंत, सोलापूरच्या उन्हात. रिक्षात का नाही बसलात, हे विचारायची गरज उरत नाही, तरी तो विचारतो, कारण उत्तर तिच्या शब्दांत लिहायचं असतं. "बसली की मांडी जड होते." नणंदेचं डोकं जिथे होतं, ती मांडी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात आघातानंतरच्या तणावाच्या विकाराची तीन मुख्य लक्षणं दिली आहेत. घडलेलं पुन्हा आत्ता घडतंय असा अनुभव येणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका अजून टळलेलाच नाही अशा सावधपणात जगणं. ही अवस्था काही आठवडे तरी टिकली पाहिजे आणि तिनं रोजचं जगणं अडवलं पाहिजे. जड होणारी मांडी, उन्हातली चाल, हॉर्नला थांबणारा हात. तिन्ही खुणा जुळतात, पण डॉक्टर लगेच शिक्का मारत नाही. त्याला अपघाताच्या आधीची बाई बघायची असते.

इथेच बहुतेक दावे गळपटतात. 'आधी' सिद्ध करायला कुणी काही आणतच नाही. शेजारणींची शपथपत्रं आणतात, सगळी एकाच भाषेत, एकाच टायपिस्टची. अरे, बाईकडे विड्यांचं पुस्तक आहे की! कारखान्यातून किती पान-तंबाखू नेली, किती विड्या जमा केल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, सगळं तारीखवार. अपघाताआधी दिवसाला नऊशेच्या आसपास. प्लास्टर निघून हाड जुळल्यावरही सहाशे, आणि खराब निघणाऱ्या वाढलेल्या. हे पुस्तक अपघाताच्या आधीपासून लिहिलं जातंय, दाव्यासाठी बनवलेलं नाही, आणि लिहिणाऱ्याला तिच्या मनाशी काही देणंघेणं नाही. असा साक्षीदार शोधून मिळत नाही. यंत्रमागावरच्या कामगाराची हजेरी, शिक्षिकेची रजेची नोंद, पोराचं प्रगतिपुस्तक, बचत गटाचा हप्ता चुकलेले महिने, असे कागद घरोघरी असतात. लोक फक्त डिस्चार्ज कार्ड जपतात.

'आधी' उघडलं की नको तेही बाहेर येतं. समजा, तीन वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा बाईनं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. ट्रकच्या विमा कंपनीचे वकील यावर तुटून पडणार : ही मुळातच मनानं कमजोर, ट्रकचा काय संबंध? याला कायद्याचं जुनं उत्तर आहे. ज्याला धडक दिलीत तो जसा असेल तसा तुमच्या पदरात. सूत आधीच बारीक होतं म्हणून हिसका देणारा सुटत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. सूत आधीच तुटलेलं असेल, तर त्या तुटीचे पैसे मागता येत नाहीत. हिसक्यानं जेवढं जास्त उसवलं तेवढ्याचेच. गोळ्या दोन महिन्यांत सुटल्या होत्या आणि नंतर विड्या नऊशेवर आल्या होत्या, हे पुस्तकात दिसलं तर तीच जुनी केस पेपर बाईच्या बाजूनं बोलते. म्हणून लपवू नका. लपवलेली चिठ्ठी उलटतपासणीत निघाली की पुढचं सगळं खोटं ठरतं.

ढोंगाबद्दल. हो, माणसं करतात. पण शुद्ध ढोंग मला क्वचितच दिसलं आहे. जास्त दिसतं ते असलेलं फुगवून सांगणं, आणि त्याहून जास्त, आयुष्यातलं सगळं वाईट अपघाताच्या खात्यात टाकणं. नवऱ्याचं पिणं, पोरीचं मोडलेलं लग्न, कर्ज, सगळं त्या ट्रकमुळे. यात खोटेपणा असतोच असं नाही. माणसाला खरोखर तसं वाटत असतं. तज्ज्ञाला मात्र हे धागे वेगळे करावे लागतात. त्यासाठी चाचण्याही असतात. काही दिसायला फार अवघड पण असतात अगदी सोप्या, खरोखर मेंदूला मार बसलेल्यालाही बऱ्यापैकी जमतात. तिथे जो मुद्दाम चुकतो तो ओळखू येतो. त्या कुठल्या हे मी इथे सांगणार नाही, उगाच शिकवणी व्हायची. नुसत्या चाचणीवर कुणाला खोटारडं ठरवू नये, हेही तितकंच खरं. परदेशात तयार झालेली प्रश्नावली चौथी शिकलेल्या बाईपुढे भाषांतर करून ठेवली तर ती काय मोजते, देव जाणे.

'निकाल लागला, पैसे मिळाले की ही माणसं आपोआप बरी होतात' असंही म्हणतात. १९६१ मध्ये हेन्री मिलर या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञानं हे मत जोरात मांडलं आणि विमा कंपन्यांना ते फार आवडलं. पुढे रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर ते टिकलं नाही. पैसे मिळूनही बरेच जण तसेच राहिलेले दिसले. कोर्टाच्या तारखांचा त्रास मात्र खरा असतो, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. तो वेगळा काढून दाखवणंही तज्ज्ञाच्याच गळ्यात.

आता एक अशी गोष्ट, जिथे डॉक्टरांचं पाठ्यपुस्तक आणि आमचं कोर्ट वेगवेगळं बोलतात. पाठ्यपुस्तक सांगतं, उपचार करणारा आणि कोर्टासाठी तपासणारा डॉक्टर एक नसावा. उपचार करणारा पेशंटवर विश्वास ठेवतो, ठेवायलाच हवा. तपासणाऱ्यानं शंका घ्यायची असते. दोन टोप्या एका डोक्यावर बसत नाहीत. राजकुमार निकाल मात्र न्यायाधिकरणांना, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टांना, बजावतो की ज्यांनी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार दाखल्यांपासून जपून राहा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका केसमध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच मी साक्षीला उभं केलं. भला माणूस. समोरच्या वकिलांनी तीन प्रश्न विचारले. अपघाताची पोलिसांची कागदपत्रं वाचलीत? नाही. पेशंटची आधीची कागदपत्रं पाहिलीत? नाही. म्हणजे पेशंटनं सांगितलं ते लिहून घेतलंत? हो. साक्ष तिथेच संपली. चूक डॉक्टरांची नव्हती, त्यांनी उपचारासाठी लागतं तेवढंच पाहिलं होतं. बाकीचं मी त्यांच्यापुढे ठेवायला हवं होतं. आता मी दोघांना बोलावतो, परवडत असेल तर. उपचार करणारा सांगतो काय दिसलं आणि काय औषध दिलं. कशामुळे आणि किती, हे स्वतंत्र तपासणारा सांगतो. परवडत नसेल तर न्यायाधिकरणाला विनंती करता येते. मोटार वाहन कायद्याचं कलम १६९ विशेष ज्ञान असलेल्या माणसाची मदत घ्यायची मुभा त्याला देतं.

तज्ज्ञाचं मत म्हणजे हुकूम नव्हे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली, जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ४५ होतं, ते फक्त विचारात घेण्यासारखं मत असतं. न्यायाधीश कारणं बघतात. 'रुग्णास तीव्र मानसिक धक्का, अपंगत्व ६० टक्के' एवढ्या दोन ओळींच्या अहवालाला किंमत शून्य. मानसिक अपंगत्वाचा सरकारी दाखला ज्या मोजपट्टीवर देतात तिच्यात स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना ० ते ४ गुण देतात, आजार किती काळाचा याचेही गुण धरतात. पण ती पट्टी सवलतींसाठी केलेली आहे. तिचे टक्के भरपाईत जसेच्या तसे लावले तर हाडाच्या टक्क्यांचाच घोळ पुन्हा होतो.

नीट अहवालानं काय होतं याचं उदाहरण म्हणजे काजल विरुद्ध जगदीशचंद, फेब्रुवारी २०२०. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला मार लागला होता. तिची बुद्धिमत्ता वयाच्या मानानं २० टक्क्यांहून कमी आणि सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाएवढं, असं तपासणीत निघालं. 'नऊ महिने' या शब्दांनी न्यायालयाला कळलं, की हिला जन्मभर सांभाळायला माणसं लागणार. भरपाई ६२ लाखांच्या वर गेली.

समोरची बाजूही स्वस्थ बसत नाही. ती आपल्या डॉक्टरकडून तपासणी मागू शकते. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सबळ आधार असेल तर न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, आणि नकार दिला तर त्याचा अर्थ विरुद्ध काढू शकतं. मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्यानं त्याला आव्हान दिलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे तो त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे छाननीसाठी पाठवावा लागतो. म्हणून मनाच्या इजेचा दावा टाकण्यापूर्वी मी पक्षकाराला एकदा घरी पाठवतो. तुमच्या झोपेबद्दल, भांडणांबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल अनोळखी माणूस भर कोर्टात विचारेल. चालणार आहे का, विचारून या. काही परत येत नाहीत. ते चुकतात असं मला वाटत नाही.

जे येतात त्यांचा एक गैरसमज ठरलेला असतो : गोळ्या सुरू केल्या आणि बरं वाटलं तर केस पडेल. उलट आहे. झेपण्यासारखे उपचार घेतले नाहीत तर 'हिनं स्वतःच नुकसान वाढू दिलं' असं समोरचे म्हणणार. आणि उपचारांनी किती फरक पडला, किती पडला नाही, हे दिसल्याशिवाय पुढची किती वर्षं धरायची ते तज्ज्ञालाही सांगता येत नाही. त्या बाईला मी आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलं असतं. केस पेपर दर वेळी जपून ठेव म्हणालो असतो, आणि येताना अपघाताच्या आधीच्या दोन वर्षांची विड्यांची पुस्तकं घेऊन ये, फाटकी असली तरी.